एकच मैफल, पाच आवाज: फोंडा तालुक्यातल्या एका संगीत मंडळाचं प्रकरण

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या एका संगीत मंडळापुढे प्रश्न पडला होता. मास्तरांच्या घरून आलेल्या रेकॉर्डी, कॅसेटी आणि सीडी सांभाळायच्या, की तेच संगीत डाउनलोड करून घेऊन कपाट मोकळं करायचं?

मंडळाची खोली देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळाभोवतीच्या उतरायच्या इमारतीत, आहे. दर सोमवारी भजन, श्रावणात सप्ताह, जत्रेला संगीत नाटक आणि अधूनमधून एखादी बैठक, एवढा त्याचा व्याप. गावात जन्मभर गाणं शिकवलेले मास्तर वारले आणि मुलांनी त्यांचा सगळा संग्रह मंडळाला दिला. त्यात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या होत्या, एलपी म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्डी होत्या, कंपनीच्या कॅसेटी होत्या, घरी भरलेल्या कॅसेटी होत्या आणि शेवटच्या काळात घेतलेल्या थोड्या सीडी. खोली पावसाळ्यात ओल धरते, कपाट एकच आहे. खजिनदार तरुण मुलगा, त्याचं म्हणणं सरळ होतं: "हे सगळं नेटवर आहे, एका हार्ड डिस्कवर बसेल. दरवर्षी बुरशी पुसत कशाला बसायचं?" पेटी वाजवणाऱ्या काकांनी त्याला कोकणीत एका वाक्यात उत्तर दिलं: "मोबायलांतलो सूर, तो सूर न्हय." दोघंही आपापल्या जागी ठाम. मी ध्वनियंत्रणेचं काम करतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

काकांचं वाक्य तेव्हा सगळ्यांनी जुन्या माणसाची आवड म्हणून ऐकलं. ते अक्षरशः खरं निघालं, आणि या प्रकरणाची सुरुवात तिथून झाली.

पेटीवर न सापडणारा सूर

मंडळात एक चांगला गाणारा मुलगा आहे. नाट्यपदं शिकतो आहे, आवाज काळी एकचा, म्हणजे त्याचा षड्ज (सा) पेटीच्या पहिल्या काळी पट्टीवर. मास्तरांच्या संग्रहातल्या एका एलपीवर एका गोमंतकीय गायकाची नाट्यपदांची मैफल आहे. तीच मैफल या मुलाने नेटवरून फुकट उतरवून घेतली होती आणि तिच्याबरोबर गाऊन तो तयारी करत होता. त्याची तक्रार अशी की ताना गळ्यात बसत नाहीत आणि तार सप्तकात गेलं की घसा ओढला जातो. आपला गळाच कमी पडतो, असं त्याने मनाशी धरलं होतं.

काकांनी त्याच्या फाइलबरोबर पेटी धरून पाहिली. पांढरी दोनवर षड्ज लावला तर फाइल वर राहायची, काळी दोनवर लावला तर खाली. दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी गायकाचा षड्ज अडकला होता. मग मास्तरांची एलपी लावली. षड्ज स्वच्छ काळी एकवर आला, अगदी पेटीला चिकटून.

आता यात चूक रेकॉर्डीची की फाइलची, हे ठरवायला हवं होतं, कारण टर्नटेबलही जुना होता. मास्तरांच्या शेजारच्या एका तारवट्याने (बोटीवरच्या खलाशाने) तो फार पूर्वी बोटीवरून आणलेला. त्याच्या ताटाच्या कडेला वेग तपासायच्या खुणा आहेत आणि बाजूला छोटा निऑन दिवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ताट मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेत असेल तर १८० खुणांची ओळ त्या उजेडात जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. वेग जास्त असेल तर खुणा पुढे सरकतात, कमी असेल तर मागे. आमच्या ताटावरच्या खुणा आधी हळूहळू मागे सरकत होत्या. पट्टा बदलला, वेगाचा स्क्रू फिरवला, तेव्हा त्या थांबल्या. (खोलीतल्या एलईडी दिव्यावर हे करायला जाऊ नये. बरेचसे एलईडी तसे लुकलुकत नाहीत, आणि खुणा दिसतच नाहीत.) रेकॉर्ड बरोबर वेगाने फिरत होती आणि सूर काळी एकच होता. मास्तरांच्या संग्रहात याच मैफलीची कंपनीने काढलेली सीडीही होती. तीही काळी एक.

मग वेळ मोजली. एलपीची पहिली बाजू २० मिनिटांची. मुलाच्या फाइलमध्ये तीच बाजू १८ मिनिटं २२ सेकंदांत संपत होती. एकही ओळ गाळलेली नव्हती. या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढलं तर ते ४४.१ ला ४८ ने भागल्यावर येतं तेच. इथे उलगडा झाला. सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी साठवलेला असतो. व्हिडिओच्या आणि इतर बऱ्याच कामांत ४८,००० नमुने वापरतात. कुणीतरी ४४,१०० ने भरलेला आवाज ४८,००० चा समजून पुढे ढकलला होता. त्यामुळे सगळी मैफल जवळजवळ नऊ टक्के वेगाने धावत होती आणि सूर दीड पट्टी वर चढला होता. काळी एकच्या वर दीड पट्टी म्हणजे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधली जागा. काकांच्या बोटांना सापडत नव्हती तीच.

म्हणजे तो मुलगा कित्येक महिने मूळ गायकाने कधी न गायलेल्या पट्टीत आणि कधी न घेतलेल्या लयीत ताना घोटत होता. आवाजाची गुणवत्ता म्हटलं की आपण खरखर, स्पष्टता, गोडवा यांवर बोलतो. गाणं शिकणाऱ्यासाठी पहिली गुणवत्ता सूर आणि लय खरी असण्याची आहे. हे त्या संध्याकाळी मंडळातल्या सगळ्यांना पटलं आणि मग कुठे पुढच्या तपासाला खरा उत्साह आला.

एका मैफलीची पाच रूपं

ही मैफल आमच्याकडे चार रूपांत होती: एलपी, कंपनीची कॅसेट, सीडी आणि मुलाची फुकटची एमपी-थ्री. पाचवं रूप आम्ही पैसे भरून एका दुकानातून उतरवून घेतलं, '२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ' अशी जाहिरात असलेलं. एकाच रात्रीचं एकच गाणं पाच वाटांनी आलेलं असल्यामुळे तुलना खरी होणार होती.

आधी संगणकावर प्रत्येकाचा आलेख काढला. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर आवाजाची कंपनसंख्या, आणि रंगाची दाटी म्हणजे जोर. ही सोय फुकट मिळणाऱ्या 'ऑडॅसिटी'सारख्या प्रोग्रॅममध्ये आहे, आणि डाउनलोड करणाऱ्या प्रत्येकाने ती वापरायला शिकावं असं मला मनापासून वाटतं.

मुलाच्या एमपी-थ्रीच्या नावात ३२० किलोबिट (सेकंदाला एवढी माहिती) असं लिहिलं होतं, फाइलही तेवढीच जड होती. पण आलेखात १६ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ रेघ मारल्यासारखा सगळा रंग थांबला होता. १२८ किलोबिटची एमपी-थ्री साधारण याच जागी वरचे स्वर कापते, चांगली ३२० ची २० किलोहर्ट्झपर्यंत जाते. अर्थ उघड होता: आधी १२८ ची फाइल, मग कुणीतरी तीच पुन्हा ३२० ने भरलेली. एकदा गेलेलं परत येत नाही, फक्त वजन वाढतं. व्हिडिओवरून आवाज उतरवून '३२० एमपी-थ्री' बनवून देणाऱ्या सोयी वापरल्या तरी हेच होतं.

विकत घेतलेल्या फाइलने मला जास्त वाईट वाटलं. सेकंदाला जेवढे नमुने, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज फाइलमध्ये मावतो, म्हणून ९६ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ४८ किलोहर्ट्झपर्यंत जागा असते. आमच्या फाइलमध्ये २२ च्या वर काहीही नव्हतं, टेपची नैसर्गिक सळसळसुद्धा नव्हती. २२ हे सीडीचं छप्पर आहे, ४४.१ चं अर्धं. मूळ टेपवरून नव्याने उतरवलेली ती फाइल नव्हती, सीडीवरचाच आवाज मोठ्या डब्यात घालून जास्त भावाने विकला होता. सीडीवर होते ते सगळे दोष त्यात जसेच्या तसे आले होते.

आणि सीडीवर दोष होता. मूळ टेपची खरखर काढताना कुणाचा तरी हात जड झाला होता. गायक श्वास घ्यायला थांबतो, त्या जागी एलपीवर मागचा तंबोरा चालू राहतो. त्याची जवारी, म्हणजे तारांची गुंज, हवेत पसरत जाते आणि त्यातूनच पुढचा षड्ज उगवतो. सीडीवर त्याच जागी तंबोरा मिटतो, मागे काहीच उरत नाही, आणि गायक पुन्हा सुरू झाला की तंबोराही एकदम परत येतो. सीडी या माध्यमाचा यात काही दोष नाही. १६ बिटांची सीडी कागदोपत्री ९६ डेसिबलचा पल्ला पेलते. एलपी चांगली असली तरी साठ-सत्तरच्या पुढे क्वचित जाते. तंबोरा सीडीत मावला नाही असं नव्हे, तो कुणीतरी पुसला.

उलट उदाहरणही त्याच कपाटात होतं, आणि ते सांगितलं नाही तर रेकॉर्डवाल्यांची बाजू घेतल्यासारखं होईल. दुसऱ्या एका ख्यालाच्या एलपीवर द्रुत बंदिश बाजूच्या शेवटी येते. रेकॉर्डीचा फिरण्याचा वेग सारखा असतो, पण सुईखालून सरकणारी खाचेची लांबी सारखी नसते. बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सुईखालून जाते, आत लेबलाजवळ २१ च्या आसपास. म्हणजे शेवटच्या मिनिटांत तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने लिहिलेला असतो. आपल्या गाण्याची रचना अशी की विलंबित आधी, सगळा वेग आणि जोर शेवटी. गाण्याचा कळस नेमका तबकडीच्या सर्वांत दुबळ्या जागी येतो. त्या एलपीवर शेवटच्या सरगमीत 'स' आणि 'श' फुटतात, तबल्याच्या चाटेवरचे (कडेच्या पट्टीवरचे) बोल चिरतात. त्याच ख्यालाची सीडी काळजीने केलेली आहे, आणि शेवटची तान त्यावर पहिल्या आलापाइतकी स्वच्छ आहे. तिथे मी डोळे मिटून सीडी निवडेन.

कॅसेटीबद्दल थोडक्यात. टेप सेकंदाला जेमतेम ४.७६ सेंटिमीटर सरकते, त्यामुळे कंपनीच्या स्वस्त कॅसेटीवर वरचे स्वर आधीच दमलेले असतात. त्यात डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, टेपला काटकोनात बसलेलं नसेल तर उरलेसुरलेही जातात. मैफलीच्या पाच रूपांत कॅसेट सर्वांत मागे राहिली.

डोळ्यांआड ऐकणं

आलेख एक गोष्ट सांगतो, कान दुसरी. म्हणून मंडळाच्या खोलीत सगळ्यांना बसवलं. यंत्रं पडद्याआड, कुठलं रूप वाजतंय ते फक्त मला आणि लिहून घेणाऱ्याला माहीत.

पहिल्या फेरीत मुद्दाम आवाजाची पातळी जुळवली नाही. सीडी एलपीपेक्षा मोठी वाजते, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी सीडीला कौल दिला, काकांनीसुद्धा. दुसऱ्या फेरीत स्पीकरच्या तारांवर मीटर लावून पातळी सारखी केली आणि कौल उलटला. थोडासा मोठा आवाज माणसाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. हे माहीत नसताना केलेल्या तुलनांवर मी विश्वास ठेवत नाही, मग त्या कितीही जाणकाराने केलेल्या असोत.

पुढची फेरी मला सर्वांत महत्त्वाची वाटत होती. एलपी थेट वाजवायची, आणि त्याच एलपीवरून मी संगणकात भरून घेतलेली फाइल वाजवायची, पातळी सारखी. रेकॉर्डीचा आवाज फाइलमध्ये येतच नाही, असं मानणाऱ्यांची ही परीक्षा होती. कुणालाच फरक सांगता आला नाही. सुईची टिकटिक, तंबोऱ्याची पसरण, सगळं फाइलमध्ये आलेलं होतं. एलपीचा म्हणून जो गोडवा आपण म्हणतो तो सुई, खाच आणि त्या काळच्या ध्वनिमुद्रकाच्या कानाचा असतो. फाइल तो इमानाने वाहून नेते, देणाऱ्याने तिच्यात तो घातला असेल तर.

सीडीचंही तसंच. सीडीवरून फ्लॅक स्वरूपात उतरवलेली फाइल आणि खुद्द सीडी एकमेकांतून वजा करून पाहिली, उरलं ते शून्य. फ्लॅक आकार साधारण निम्म्यावर आणते, पण एकही नमुना टाकत नाही. इथे 'डाउनलोड की वस्तू' हा वादच संपतो. दोन्ही तंतोतंत एक आहेत.

एमपी-थ्रीची गोष्ट वेगळी. सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट घेतो, १२८ ची एमपी-थ्री त्याचा अकरावा भाग. वीस मिनिटांची बाजू सीडीवर दोनशे मेगाबाइटच्या वर जाते, १२८ च्या फाइलमध्ये जेमतेम १९. उरलेलं कानाला ऐकू येणार नाही, असा हिशेब करून टाकलेलं असतं, आणि हिशेब बहुतेक वेळा चांगला असतो. मी स्वतः सीडीवरून नीट बनवलेली ३२० ची फाइल लावली तेव्हा कुणी ती ओळखू शकलं नाही. १२८ ची मात्र आमच्या तबलजीने दर वेळी ओळखली. तो साठीच्या पुढचा. त्या वयात १२-१३ किलोहर्ट्झच्या वरचं सहसा ऐकूच येत नाही, त्यामुळे १६ वर मारलेली रेघ त्याला खुपण्याचं कारण नव्हतं. कशावरून ओळखलं ते त्यानेच बोटाने दाखवलं. 'ना' वाजतो तेव्हा बोट चाटेवर आदळण्याच्या आधीच एक पुसटशी 'श्श' ऐकू येते आणि बोलाची धार बोथट होते. तांत्रिक कारण नेमकं तेच आहे. एमपी-थ्री आवाजाचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकडा एकत्र दाबते. शांततेतून एकदम आलेला ठोका तुकड्याच्या मध्ये पडला, तर दाबण्यात झालेली गफलत ठोक्याच्या आधीच्या शांततेतही पसरते. तबला, टाळ, झांज यांत हे पहिलं दिसतं. पेटीत सर्वांत शेवटी.

म्हणजे आमच्यासारख्या भजन आणि नाट्यसंगीत करणाऱ्यांना १२८ ची फाइल चालणार नाही, ती फक्त चाल आठवण्यापुरती. ३२० ची चालेल, पण ती खरोखर सीडीवरून केलेली असेल तरच. हे फाइलच्या नावावरून कळत नाही.

तरुण मंडळी जो आवाज ऐकून 'ठीक आहे' म्हणत होती, तो छोट्या ब्लूटूथ स्पीकरवरचा होता. त्यात आवाज पाठवताना आणखी एकदा दाबला जातो, आणि डावी-उजवी बाजू एका वितीच्या डब्यातून येते. त्या स्पीकरवर पाचही रूपांचा दर्जा सारखा वाटला, यात नवल नाही.

७८ च्या तबकड्या

इथे मी थांबून सांगणार आहे, कारण गोव्यासाठी हा विषय जिव्हाळ्याचा आहे. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर. ज्या पिढीने या भूमीचं नाव गाण्यात नेलं, तिचा आवाज आपल्यापर्यंत मुख्यतः या तीन-साडेतीन मिनिटांच्या लाखेच्या तबकड्यांवरून पोचला आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाईंची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे. तास-दीड तास राग मांडणाऱ्या गायिकेला एवढ्याशा जागेत काय काय बसवावं लागलं असेल, हे गाणाऱ्याला सांगायला नको. मग त्या साडेतीन मिनिटांतला प्रत्येक क्षण नीट ऐकू यायला हवा की नाही?

नेटवर या तबकड्यांच्या फाइली आहेत, लोकांनी प्रेमाने चढवलेल्या आहेत, आणि त्यांच्यामुळेच घरोघरी हे गाणं पोचलं. पण बऱ्याच फाइलींत तीन गोष्टी बिघडलेल्या असतात.

सुई: ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद. तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची सुई ०.७ मिलची. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते, जिथे सगळी धूळ आणि झीज साठलेली असते. तीच तबकडी योग्य सुईने वाजवली की खरखर निम्म्यावर येते, कुठलाही प्रोग्रॅम न वापरता.

मग स्वरांचा तोल. एलपी कापताना खर्ज कमी करून आणि वरचे स्वर वाढवून कापतात, वाजवताना उलटं करतात. त्याचं प्रमाण १९५४ च्या सुमाराला ठरलं. त्याआधीच्या तबकड्यांना ते लागू नाही. ७८ ची तबकडी एलपीच्या प्रमाणाने वाजवली तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो, आणि मग ऐकणारा म्हणतो, जुनं ध्वनिमुद्रण असंच असायचं.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि तिथे आपण परत सुरावर येतो. '७८' हे नाव नंतर पक्कं झालं. सुरुवातीच्या काळात कंपन्या सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत वेगवेगळ्या वेगांनी ध्वनिमुद्रण करत. वेग सहा टक्के चुकला की सूर एक पट्टी सरकतो. म्हणजे तबकडी हातात असूनही गायकाची पट्टी खात्रीने कळत नाही. तिथे यंत्र थकतं आणि माणूस लागतो: त्या गायिकेची तालीम ज्यांनी ऐकली, तिच्या शिष्यांकडे जे शिकले, साथीला जे बसले, त्यांच्या आठवणीतली पट्टी. काही ध्वनिमुद्रणांत पेटी स्पष्ट ऐकू येते. तिचा षड्ज आजच्या कुठल्याही पट्टीवर नीट बसला नाही, तर वेग चुकल्याची ती एक खूण धरता येते.

संग्रह फेकून फाइली ठेवल्या असत्या तर हे तपासायची वाटच बंद झाली असती. डाउनलोडवर मी नाराज नाही. तबकडी जवळ असली की चुकलेली फाइल दुरुस्त करता येते. तबकडी गेली की चुकलेली फाइलच मूळ होऊन बसते.

घरी भरलेल्या कॅसेटी

आवाजाच्या स्पर्धेत कॅसेट मागे पडली, हे वर सांगितलं. पण कपाटातली सर्वांत मौल्यवान गोष्ट कॅसेटच निघाली. मास्तरांनी जत्रेतल्या बैठकी, गावातली नाटकं आणि मंडळाच्या जुन्या गायकांचं भजन स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलं होतं. मागे जनरेटरची घरघर आहे, फटाके आहेत, कुणीतरी मुलांना दटावतंय. आणि त्यात या गावातल्या अशा माणसांचे आवाज आहेत ज्यांची कुठलीही रेकॉर्ड कधी निघाली नाही. हे जगातल्या कुठल्याही दुकानात डाउनलोडला नाही.

काही कॅसेटींच्या टेपच्या कडेला पांढरी बुरशी होती. गोव्याच्या पावसात हे होणारच. बुरशी असलेली टेप तशीच लावायची नाही, हेडवर घासून बुरशी सगळीकडे पसरते. आधी बंद खोलीत ओल शोषणारं यंत्र चालवून कॅसेटी कोरड्या केल्या, मग मऊ कापडावरून हळूहळू गुंडाळल्या, आणि मगच वाजवल्या. प्रत्येक कॅसेटीसाठी डेकच्या हेडचा बारीक स्क्रू कानाने ऐकत फिरवला. मास्तरांच्या टेपरेकॉर्डरचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात आपलं आणलं की टाळ एकदम उजळतो, जणू कुणी खोलीची खिडकी उघडली. हे एकदाच, फाइल बनवताना, काळजीने करायचं. नंतर प्रोग्रॅम लावून ही उजळी आणता येत नाही. जनरेटरची ५० हर्ट्झची घरघर मी मूळ फाइलमध्ये तशीच ठेवली आहे. ऐकण्यासाठी वेगळी प्रत केली, तीत ती कमी केली.

काय ठरलं

खजिनदाराने स्वतःच यादी केली, आणि ती त्याच्याआधी कुणी केली नव्हती, हे इथे नमूद करायला हवं. घरी भरलेल्या कॅसेटी आधी, कारण त्या सर्वांत लवकर जातील. मग ७८ च्या तबकड्या, मग ज्यांची सीडी निघाली नाही किंवा वाईट निघाली त्या एलपी. तबकड्यांवरून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झने भरायचं. एवढी जागा आवाजाला लागते म्हणून नव्हे, टिकटिक काढताना आणि पातळी जुळवताना हात मोकळा राहतो म्हणून. सीडी फ्लॅकमध्ये उतरवायच्या. बाजारात नीट सीडी असलेल्या कंपनीच्या कॅसेटी तेवढ्या काढून टाकायच्या. तबकड्या उभ्या ठेवायच्या, आडव्या रचायच्या नाहीत. एलपी आणि लाखेच्या तबकड्या वेगळ्या धुवायच्या, आणि लाखेला स्पिरिट अजिबात लावायचं नाही, ती विरघळते.

फाइली मंडळाच्या खोलीत ऐकण्यासाठी. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्याने प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, आणि गीत-संगीताचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे व्हॉट्सॲपवर काय पाठवायचं आणि काय नाही, हे प्रत्येक तबकडीचं वेगळं बघावं लागणार.

एका गोष्टीचा आग्रह मी धरला. प्रत्येक फाइलबरोबर एक नोंद: कशावरून भरली, कुठली सुई, काय वेग, षड्ज कुठल्या पट्टीवर आला, काय काय साफ केलं. आणि रेकॉर्डीच्या पाकिटामागची सगळी नावं. मुलाच्या एमपी-थ्रीत गायकाचं नाव होतं, तबला आणि पेटी कुणाची ते नव्हतं. एलपीच्या पाकिटावर ती नावं छापलेली आहेत. ज्या प्रदेशाने खाप्रूमामा पर्वतकरांसारखा लयीचा पंडित दिला, तिथे साथीदाराचं नाव फाइलमधून गळावं, हे मला आवाज बिघडण्याइतकंच लागतं.

तो मुलगा आता एलपीवरून केलेल्या फाइलबरोबर, काळी एकवर गातो आहे. ताना बसायला लागल्या आहेत, तार सप्तकातला पंचम लागतो. काही हरकती चुकीच्या लयीत घोटल्या गेल्या होत्या, त्या काका त्याच्याकडून मोडून पुन्हा बसवून घेत आहेत.

७८ चं काम चालू आहे. रुंद सुई मिळाली आहे, पण काही तबकड्यांचा वेग अजून ठरत नाही. त्यांच्या नोंदीत 'पट्टी अनिश्चित' असं लिहून ठेवलं आहे, आणि त्या फाइलींबरोबर शिकणाऱ्यांनी गायचं नाही असं मंडळाने ठरवलं आहे. त्या गायकांच्या साथीला बसलेले एक वयस्क तबलजी जवळच्याच गावात राहतात. पावसाळा ओसरला की तबकड्या घेऊन त्यांच्याकडे जायचं ठरलं आहे.